जखम एवढीशी, दुखणं एवढं?
पायाला साधं खरचटलंय, पण वेदना सहन होत नाहीत? ताप आहे, सूज तासातासाला वर सरकतेय? मग हळद लावून सकाळची वाट बघू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. हा नेक्रोटायझिंग फॅसायटिस असू शकतो. यात जंतू त्वचेखाली पसरतात, त्यामुळे सुरुवातीला वरून फारसं दिसत नाही. डायबिटीस असेल तर धोका जास्त. संशय दाट असला की सर्जन स्कॅनसाठी थांबत नाहीत. चीर देऊन आत बघतात, तेच खरं निदान. मेलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, म्हणजे अँटिबायोटिकही नाही. तो भाग कापून काढावाच लागतो. साधारण २४ तासांत पुन्हा ऑपरेशन सांगितलं, तर पहिलं फसलं असं समजू नका. आणखी काही मेलंय का, हे बघायलाच ते असतं.