‘यू यू’ या हाकेचे शास्त्र

आमच्या घरी खंड्या हे कुत्र्याचे पिल्लू आले ते श्रावणातल्या एका ओल्या संध्याकाळी, वडिलांच्या सदऱ्याच्या आत दडून. आणि पहिल्या चोवीस तासांतच माजघरातल्या सतरंजीवर दोनदा व देवघराच्या उंबऱ्याशी एकदा त्याने आपली हजेरी नोंदवली. अशा प्रसंगी अपराध्यास गुन्ह्याच्या जागी फरफटत न्यावे, त्याचे नाक त्या ओलीत घासावे आणि वर एक चापट द्यावी, हा आमच्याकडचा पिढीजात शिरस्ता असल्यामुळे धाकट्या काकांनी त्याची अंमलबजावणी आठवडाभर मोठ्या निष्ठेने केली. सतरंजी खरोखरच कोरडी राहू लागली. काकांचा हा विजय दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी आईने तांदळाची कोठी सरकवली, तो तिच्यामागे भिंतीच्या कडेने पिवळसर डागांची रांगच रांग! परसात नेले, तर खंड्या काकांकडे तिरप्या नजरेने पाहत अर्धा अर्धा तास तसाच उभा राही, आणि घरात आला की थेट कोठीमागे जाई. घरात विधी करू नये हे तो शिकलाच नव्हता. माणसांदेखत करू नये, एवढे मात्र पक्के शिकला होता.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरे, कुत्री आणि कोंबडीची पिले यांना कोड्याच्या पेटाऱ्यांत कोंडून जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतून पुढे ‘परिणामनियम’ निघाला: ज्या कृतीमागून सुख येते ती कृती बळावते, जिच्यामागून दुःख येते ती मंदावते. वाचताना हे अगदी उघड वाटते. पण सारी मेख ‘मागून’ या शब्दात आहे, कारण हे मागून येणे एका-दोन क्षणांतले असावे लागते. माणूस दहा मिनिटांपूर्वीच्या गुन्ह्याचा जाबजबाब घेऊ शकतो. कुत्र्याच्या मनात पंचनाम्याची सोय नाही. चापट बसते त्या क्षणी जे समोर असेल, म्हणजे काकांचा हात, काकांचा आवाज आणि काकांचे येणे, त्याच्याशीच तिची गाठ पडते. संस्कृतात ज्या ‘शिक्षा’ शब्दाचा अर्थ विद्या देणे असा आहे, तोच शब्द आपण मराठीत दंड या अर्थी रूढ करून बसलो, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला कधीकधी वाटते.

यावर तोडगा कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे. दोन महिन्यांच्या पिल्लास झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळ आटोपताच, आणि एरवीही जागेपणी तास-दोन तासांनी अंगणातल्या ठरलेल्या जागी न्यावे, रात्री एकदा उठावे, आणि काम उरकताच तिथल्या तिथे, घरात परतल्यावर नव्हे, पोळीचा तुकडा हातावर ठेवावा. खिसा चाचपून तुकडा काढीपर्यंतही दोन-तीन क्षण जातात, ते ‘शाब्बास’ या शब्दाने भरून काढावेत. पचनक्रियेच्या अभ्यासासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या तोंडाला अन्नाच्या आधीच्या नुसत्या खुणेनेच लाळ सुटू लागे; त्याच न्यायाने अन्नाशी वारंवार जोडलेला ‘शाब्बास’ स्वतःच निम्मे इनाम होऊन बसतो. घरात चूक झालीच, तर मुकाट्याने पुसावे. मात्र नुसत्या फिनेलने वास माणसाला तेवढा दडल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. अमोनिया असलेली द्रव्ये तर टाळावीतच, कारण मूत्रालाही तसाच वास असतो. विकरे असलेल्या धुण्याच्या पावडरीचे पाणी वापरून मग स्वच्छ पाण्याने पुसणे बरे.

यावर काकांची कैफियत ठरलेली असे: “बघा, कसा चोरासारखा बसलाय! त्याला सगळं कळतं.” कान मागे, शेपटी पोटाशी, डोळे चुकवलेले, अशी खंड्याची ती मुद्रा पाहून कोणताही न्यायाधीश त्याला दोषी ठरवता. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली चौदा पाळीव कुत्र्यांवर प्रयोग करून नेमक्या या मुद्रेचीच रुजवात घातली. मालकाने खाऊस तोंड लावू नकोस असे बजावून खोलीबाहेर जायचे आणि परतल्यावर कुत्र्याने काय केले ते त्याला सांगायचे, कधी खरे, कधी खोटे, अशी ती तजवीज होती. निष्पन्न असे झाले, की ती अपराधी मुद्रा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हती, मालक रागावला की नाही यावर होती. आणि ज्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते अशा बिचाऱ्यांवर मालक रागावले, तेव्हा ती सर्वांत ठळक उमटली. काका ज्याला कबुलीजबाब समजत, ती वस्तुतः त्यांच्याच चर्येला दिलेली शरणचिठ्ठी होती.

आता हाकेविषयी. कुत्र्याला बोलावताना आपल्याकडे ‘यू यू यू’ असे आखूड, उडते, एकामागून एक ध्वनी काढतात, आणि बैल थांबवताना गाडीवान ‘होऽऽ’ असा लांब, उतरता सूर लावतो. हे कोणी कोणास शिकवलेले नाही. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल या प्राणिवर्तनतज्ज्ञ स्त्रीने निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्राणिशिक्षकांचे इशारे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा जनावरास चालना देण्यासाठी तुटक, आवर्ती ध्वनी आणि शांत करण्यासाठी वा थांबवण्यासाठी लांबट सूर हाच दस्तूर त्यांना जागोजागी आढळला. पिल्लांवरील प्रयोगांतही चढत्या तुटक ध्वनींनी ‘ये’ ही आज्ञा अधिक चांगली शिकवता आली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या प्रयोगशाळेवाचून बरोबर होत्या. परंतु उत्तम हाकही वाया घालवता येते. आमच्याकडे ‘यू यू’ म्हणून खंड्याला बोलवायचे आणि तो धावत आला की धरून न्हाणीत घालायचे, असा क्रम दर रविवारी चाले. चौथ्या रविवारी तो पेरूच्या झाडाखाली बसून आमच्याकडे नुसता पाहत राहिला. बोलावून कधीही रागावू नये, आणि अंघोळीसारखे अप्रिय काम असेल तेव्हा आपणच उठून त्याच्याकडे जावे.

ज्याची सर्वांत अधिक हेळसांड होते ते म्हणजे वय. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर येथे वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून १९६५ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यानुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार सताड उघडे असते. या मुदतीत जे माणूस, जे जनावर, जो आवाज भेटेल तो आपला, पुढे भेटेल तो बहुधा परका. अडचण अशी, की लसी याच सुमारास, सहा-आठ आठवड्यांपासून, सुरू होतात, त्या पुऱ्या होईतो चौथा महिना उजाडतो, आणि तोवर पार्व्हो या रोगाच्या भयाने पिल्लू घरात कोंडले जाते. भय खोटे नाही, पण कडेवर घेऊन फिरवण्यास कोणतीच हरकत नसते. एसटीच्या थांब्यावरची गर्दी, काठी टेकणारे आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी, देवळातली घंटा हे सारे याच वयात, तोंडात खाऊ असताना, दुरून व हलक्या आवाजात घडू द्यावे. खंड्याच्या बाबतीत हे झाले नाही. म्हणून त्याची प्रत्येक दिवाळी पलंगाखाली गेली.

कोठीमागचे प्रकरण मिटायला दीड महिना लागला. इनाम देऊन जनावर फितवण्याच्या या पद्धतीस काकांनी शेवटपर्यंत संमती दिली नाही. मात्र दिवेलागणीला ते परसदारी उभे राहून ‘यू यू यू’ करीत आणि खंड्या पेरूखालून बाणासारखा सुटे. आणि त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात दर आठवड्याला भाकरीचा चुरा निघतो, अशी तक्रार आमच्या परटाने आईकडे एकदा नव्हे, अनेकदा केली होती.