विकायचे घर दुरुस्त करताना : आधी कागद, मग पाणी, शेवटी रंग

आजचा विषय थोडा घरगुती आहे आणि थोडा हिशेबाचा. बरीच वर्षे बंद पडलेले घर दुरुस्त करून विकायचे असेल, तर काय करावे आणि काय करू नये? उदाहरण आपण कोकणातले घेऊ. जांभ्याच्या भिंती, वर कौले, कागदोपत्री नाव अजून आजोबांचे. मुले-नातवंडे मुंबई-पुण्याला. कुलूप उघडते ते गणपतीत, आणि तेही आता दरवर्षी नाही. असे घर विकायचे ठरले की कुणीतरी हमखास म्हणतो, "जरा रंगरंगोटी करून घेऊ, भाव चांगला येईल." या एका वाक्यापायी बरेच पैसे बुडतात. ते कसे, ते आज बघू.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. राहण्यासाठी घर दुरुस्त करताना आपण आपली आवड बघतो. विकण्यासाठी दुरुस्त करताना घेणाऱ्याच्या शंका दूर करायच्या असतात. त्याच्या शंका तीनच : हे घर खरेच यांचे आहे का, ते गळते का, आणि लाकूड किती वर्षे टिकेल? भिंतीचा रंग कुठला, ही त्याची शंका नसते. तो रंग तो स्वतःच बदलणार असतो.

पहिली गोष्ट : कागद

एकही कौल हलवण्याआधी कागद बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. घर गावठाणात आहे की सातबाराच्या जमिनीत, हे तपासा. गावठाणातल्या घरांसाठी २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका मिळू लागल्या. तुमच्या गावची झाली असेल तर ती काढा. घर शेतजमिनीत असेल तर मात्र मोठा फरक पडतो. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ कायद्यानुसार शेतजमीन साधारणपणे शेतकरीच घेऊ शकतो. म्हणजे मुंबईचा हौशी गिऱ्हाईक, ज्याच्यासाठी तुम्ही बाथरूमला महागडी फरशी बसवणार होतात, त्याला कदाचित ते घर घेताच येणार नाही!

मग वारस. हिंदू कुटुंबात वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा "बहिणींचे काय, त्या सही करतील" असे गृहीत धरू नका. ज्या सोडणार असतील त्यांचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. ज्या सोडणार नसतील त्यांचा हिस्सा त्यांना द्यायचा, इतके ते सोपे आहे.

आणि एक कागद घरातल्या घरात करा. दुरुस्तीला पैसे कोण घालणार, आणि विक्रीनंतर ते आधी वजा करून मग वाटणी करायची का? थोरल्या भावाने खर्च केला, धाकट्याला तो मान्य नाही, आणि घराबरोबर बोलणेही बंद झाले, असे आम्ही वारंवार बघतो. चार ओळी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायला अर्धा तास लागतो.

दुसरी गोष्ट : पाणी

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बंद घराचा खरा शत्रू हाच. दोन कौले सरकली की पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर, तिथून भिंतीच्या माथ्यावर. माथा भिजला की आतली माती धुपते. म्हणून पहिला खर्च शाकारणीचा, आणि तो मृगाच्या आधी. सगळी कौले नवी घालायची गरज बहुधा नसते. फुटलेली बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, आढ्यावरचे सांधे नीट भरायचे.

मग खाली बघा. पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत साचते का? अंगणाचा उतार घराकडे झाला आहे का? वर्षानुवर्षे पाला आणि माती साचून अंगणच जोत्याच्या वर आलेले असते. तेवढी माती काढून उतार बाहेरच्या बाजूला करून दिला, पन्हळ बसवली, तर अर्धी ओल तिथेच थांबते. हे काम स्वस्त आहे, फोटोत दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही.

आता गिलाव्याचा प्रश्न. जुन्या भिंतीत चिरा मातीत किंवा चुन्यात बसवलेला असतो. अशी भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. भिंत वरून कोरडी, आतून ओली. दोन पावसाळ्यांत गिलावा पोकळ वाजू लागतो, लोणा धरतो, पापुद्रे सुटतात. म्हणजे पैसे घालून भिंत बिघडवली. त्यापेक्षा सांधे चुन्याने भरा, चुन्याचाच हात द्या. आणि भिंत वाळू द्या. जाड भिंत वाळायला इंचाला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. पंधरा इंची भिंत एका मे महिन्यात वाळत नाही.

ओल कुठून येते हे कळायला सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस भिंतीवर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे, रोज खिडक्या उघडल्या तरी पुरे.

तिसरी गोष्ट : लाकूड आणि वीज

प्रत्येक खांबाच्या बुडाशी आणि भिंतीत शिरणाऱ्या वाशाच्या टोकाशी दाभण टोचून बघा. सहज आत गेले तर लाकूड गेले. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर आधी तिचा बंदोबस्त, मग सुतार. कुजलेला तुकडा कापून जोड देता येतो, अख्खी तुळई बदलावी लागतेच असे नाही. विजेचे काम मात्र अर्धवट नको : जुनी तार काढा, अर्थिंग करा, गळती झाली की वीज तोडणारे यंत्र बसवा.

आता हिशेब

आकडे समजण्यापुरते धरू. आहे तसे घर २२ लाखांना जाते. संपूर्ण नूतनीकरण केले तर ३० लाख येतील. वाढ ८ लाख. खर्चाचा अंदाज ५ लाख, तो १ लाखाने वाढला. येण्याजाण्याचे ४० हजार, वाढलेल्या किमतीवर २ टक्के दलाली १६ हजार. वर्ष गेले, तेवढ्यात २२ लाखांवर ७ टक्क्यांनी व्याज १ लाख ५४ हजार मिळाले असते, ते बुडाले. बेरीज ८ लाख १० हजार. वर्षभर धावपळ करून हाती काही नाही.

आता फक्त कागद, छप्पर, निचरा आणि साफसफाई करू. खर्च २ लाख, वेळ सहा महिने, किंमत २६ लाख. वाढ ४ लाख. प्रवास २० हजार, दलाली ८ हजार, बुडालेले व्याज ७७ हजार धरून खर्च ३ लाख ५ हजार. ९५ हजार शिल्लक. आकडे तुमचे वेगळे असतील, पण वेळेची किंमत धरायला विसरू नका. बिले मात्र जपून ठेवा. सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो, रंग आणि किरकोळ डागडुजी सहसा होत नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीपासूनचे घर असेल तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत, मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत, मूळ किंमत म्हणून धरता येते. हे करसल्लागाराकडून आधीच करून घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*"घर फारच मोडकळीला आलंय. पाडून मोकळी जागा विकली तर?"*

घाई करू नका. जुने चिरे आणि फणसाचे, सागाचे लाकूड यांना किंमत असते. आणि घर किनाऱ्याजवळ सीआरझेडच्या पट्ट्यात असेल तर नवे बांधकाम अवघड, पण जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी अटींवर होऊ शकते. तिथे उभे घर हाच मोठा पुरावा असतो. तो आपल्या हाताने पाडू नये.

*"सगळे दोष सांगत बसलो तर गिऱ्हाईक पळून नाही का जाणार?"*

काही जातील. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ बघा. करारात वेगळे ठरले नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे बंधनकारक आहे. तो लपवणे ही फसवणूक, असे कायदाच म्हणतो. लोण्यावर रंग मारून विकलेले घर पुढच्या श्रावणात बोलू लागते, आणि मग नोटीस येते. उलट जो म्हणतो, "ही भिंत ओली होती, निचरा केलाय, ही बिलं बघा, आणि वाटल्यास भर पावसात येऊन घर बघा," त्याच्याशी घासाघीस करायला गिऱ्हाईकाकडे फारसे काही उरत नाही. घर दाखवायला मे महिना सोपा असतो, पण जुलैमध्ये कोरडे दिसलेले घर पटकन विकले जाते.