आकाशक आणि संदेशाचा चढउतार

हौशी रेडिओचालक वापरीत असलेल्या १६० मीटर आणि ८० मीटर या पट्ट्यांवर रात्री एक अनुभव हमखास येतो. स्पष्ट ऐकू येणारा आवाज हळूहळू खोल जातो, गोंगाटात बुडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतो. प्रेषकाची शक्ती मात्र तीच असते. या चढउताराला ‘क्षीणन’ असे म्हणतात. पुरात वा वादळात दूरध्वनी बंद पडले असता हौशी चालकच निरोप पोहोचवितात. अशा वेळी निरोपातील एखादा आकडा बुडाला तरी अनर्थ होऊ शकतो. म्हणून या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे.

क्षीणनाचे कारण प्रयोगाने दाखविले ते एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राचे तरंग ऑक्सफर्ड येथे ग्रहण केले. केंद्राची तरंगलांबी सावकाश बदलताच संदेशाची तीव्रता क्रमाने वाढू व घटू लागली. एक तरंग जमिनीलगत येत होता, तर दुसरा वातावरणातील विद्युत्‌भारित थरावरून परतत होता. दोन्ही एका तालात आले की संदेश बळावे. विरुद्ध तालात आले की ते एकमेकांना मारीत. आयनांबराच्या या शोधाबद्दल ॲपलटन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

३.५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सुमारे ८६ मीटर असते. मार्गात ४३ मीटरांचा फरक पडला की भर घालणारा तरंग वजा करू लागतो. सरळ वर जाऊन परतणाऱ्या तरंगाच्या बाबतीत थर केवळ २१-२२ मीटर सरकला तरी एवढा फरक पडतो. आणि शेकडो किलोमीटर उंचीवरचा थर क्षणभरही स्थिर नसतो. दिवसा खालचा ‘डी’ थर आकाशतरंग बव्हंशी शोषून घेतो, म्हणून हा खेळ मुख्यतः रात्रीचा.

आकाशकाचा संबंध येतो तो येथे. उभा आकाशक जमिनीलगत जोरदार तरंग सोडतो आणि थोडी शक्ती वरही पाठवितो. जवळच्या श्रोत्याला भूतरंग पुरतो, अतिदूरच्या श्रोत्याला आकाशतरंग; परंतु ज्या पट्ट्यात दोन्ही समबल होतात तेथे क्षीणन सर्वांत तीव्र असते. १९३० नंतरच्या दशकात मध्यम तरंगांच्या नभोवाणी केंद्रांनी तरंगलांबीच्या निम्म्याहून किंचित अधिक उंचीचे मनोरे उभारले, ते वर जाणारी शक्ती घटवून हा पट्टा दूर ढकलण्यासाठीच. १६० मीटरच्या पट्टीवर एवढा मनोरा ८० मीटरांहून उंच होईल. हौशी चालकाला तो परवडणारा नाही.

आठ-दहा मीटर उंचीवर ताणलेली आडवी तार वेगळे वागते. तिची बहुतेक शक्ती सरळ वर जाते आणि भूतरंग नगण्य असतो. त्यामुळे दोनतीनशे किलोमीटरच्या परिसरात भूतरंग व आकाशतरंग यांचा झगडा उद्‌भवत नाही. तथापि क्षीणन संपूर्ण नाहीसे होत नाही. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे परतणाऱ्या तरंगाचे ध्रुवण फिरत राहते. ते तारेशी काटकोनात आले की संदेश मंदावतो. शिवाय पहाटेपूर्वी आयनांबर फारच विरळ झाले, तर ३.५ मेगॅहर्ट्‌झचे तरंग त्याला भेदून निघून जातात. तेव्हा खालच्या पट्टीवर उतरावे लागते.

ग्रहणाच्या बाजूनेही उपाय आहे. एकमेकींशी काटकोनात ताणलेल्या, अथवा पुरेशा अंतरावरील दोन आकाशकांवर संदेश एकाच क्षणी क्वचितच बुडतो. ज्यावर तो सबळ असेल तो आकाशक निवडावा. जमिनीलगतच्या लांब तारेचा बेव्हरेज आकाशक मात्र निराळ्या कामाचा आहे. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे पॉल गॉडली यांनी त्याच्याच साहाय्याने अमेरिकी हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. तो अन्य दिशांचा गोंगाट घटवितो. त्यामुळे संदेश खाली गेला तरी ऐकू येण्याची शक्यता वाढते.

सारांश, कोणताही आकाशक आयनांबराला स्थिर करू शकत नाही. किती वाटांनी तरंग श्रोत्यापर्यंत पोहोचावेत, हे मात्र तो बऱ्याच अंशी ठरवितो. म्हणून आकाशक निवडण्यापूर्वी निरोप किती दूर आणि कोणत्या वेळी पोहोचवावयाचा आहे, हे निश्चित करणे अगत्याचे ठरते.