निळा लेझर स्वस्त होतो, पण आपल्यामुळे नाही

ज्यांना बसमध्ये हेडफोन विसरल्यामुळे एपिसोड ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलता बोलता जे 'अं…' आणि 'म्हणजे' आले होते ते बऱ्यापैकी काढलेत, सगळे नाही.

तर प्रश्न असा आला होता: "दादा, लाल लेझर पॉइंटर शंभर रुपयांच्या आत मिळतो, मग निळा डायोड एवढा महाग का? अजून थांबलो तर स्वस्त होईल का?"

आधी महाग का, ते बघू. डायोडमधून कुठला रंग निघणार हे त्यातलं मटेरियल ठरवतं. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारतो आणि त्या उडीइतकी ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. ६५० नॅनोमीटरच्या लाल रंगाला साधारण १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टची उडी पुरते, ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला २.७५ लागते. एवढी मोठी उडी देणारं मटेरियल म्हणजे गॅलियम नायट्राइड, आणि ते महा हट्टी. त्याचा चांगला स्फटिक वाढवणं इतकं अवघड होतं की बहुतेकांनी त्याचा नाद सोडून झिंक सेलेनाइड धरलं होतं. जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा मात्र त्याच्याच मागे लागले. १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी आला, मग काही वर्षांत जांभळट-निळा लेझर डायोड, आणि १९९९ मध्ये तो विक्रीला. एलईडीसाठी २०१४ चं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं.

आता कोणी म्हणेल, निळा एलईडी तर आज चिल्लर भावात मिळतो, मग लेझर का नाही? कारण एलईडी हा दिलदार प्राणी आहे. स्फटिकात कोट्यवधी दोष असले तरी तो पेटतो. लेझरमध्ये त्याच मटेरियलच्या अगदी अरुंद पट्टीतून कित्येक पट जास्त करंट जातो, तिथे प्रत्येक दोष म्हणजे उष्णता आणि लवकर मरण. म्हणून लेझरला नीलमण्याच्या स्वस्त चकतीऐवजी गॅलियम नायट्राइडचीच चकती लागते, आणि ती आजही महाग आहे.

आता मजेशीर भाग. हौशी लोकांच्या हातात हे डायोड आले कसे? दुकानातून नाही, भंगारातून!

२००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ युरोपात आणायची तारीख नोव्हेंबरवरून थेट पुढच्या मार्चवर ढकलली. कारण दिलं, ब्लू-रे वाचणाऱ्या निळ्या लेझर डायोडचा तुटवडा. म्हणजे सोनीलाच डायोड पुरत नव्हते, तिथे आपल्याला कोण विचारतंय? पण तेव्हा ब्लू-रेची एचडी डीव्हीडीशी मारामारी चालू होती. दोघांतही ४०५ नॅनोमीटरचाच डायोड. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हार मानली आणि एक्सबॉक्स ३६० ला जोडायचे एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मातीमोल झाले. ते उघडून आतला डायोड काढणं हा जगभरच्या हौशी लोकांचा उद्योगच झाला.

मग २०१० मध्ये कॅसिओने पाऱ्याच्या दिव्याऐवजी लेझर आणि एलईडी वापरणारे प्रोजेक्टर आणले. एकेका प्रोजेक्टरमध्ये ४४५ नॅनोमीटरचे २४ निळे डायोड, प्रत्येक साधारण १ वॅटचा. लोकांनी हिशेब केला: अख्खा प्रोजेक्टर विकत घेऊन फोडला तरी एकेक डायोड सुटा घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. त्याच वर्षी विकेड लेझर्स कंपनीने असाच डायोड घातलेला हातात धरायचा १ वॅटचा लेझर साधारण २०० डॉलरला विकायला काढला. दिसायला तो इतका लाइटसेबरसारखा होता की लुकासफिल्मने वकिलाची नोटीस पाठवली.

पॅटर्न कळला ना? आपण कधीच या डायोडचे गिऱ्हाईक नव्हतो. दुसऱ्या कोणासाठी तो ढिगाने बनला किंवा दुसऱ्या कोणाचा धंदा बुडाला, की आपल्यापर्यंत पोचतो. त्यामुळे "स्वस्त होईल का" याचं उत्तर आपल्या मागणीत शोधायचंच नाही. आज ढीग कोणासाठी बनतोय? प्रोजेक्टरसाठी, आणि लाकूड-चामड्यावर नक्षी कोरणाऱ्या डायोड मशीनसाठी. शिवाय तांबं इन्फ्रारेडपेक्षा निळा प्रकाश कितीतरी जास्त शोषतं, म्हणून बॅटरीच्या वेल्डिंगवाल्यांनाही निळा लेझर हवाय. माझा अंदाज असा: वॅटमागे भाव उतरत राहील, पण सुटा छोटा डायोड लाल पॉइंटरच्या भावाला येणार नाही. आपल्याला मिळेल ते लेन्स, पंखा, ड्रायव्हर सकट तयार मॉड्यूल. तेही आतून काय, ५-५ वॅटचे दोन डायोड जोडून १० वॅट, चार जोडून २० वॅट. आणि जाहिरातीत '४० वॅट' दिसलं तर विचारा, आत जाणारे की बाहेर पडणारे? आत जाणारी वीज मोठ्या अक्षरात छापून ५ वॅटचा लेझर विकल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

सुटा डायोड घेणाऱ्यांसाठी माझी स्वतःची फजिती सांगतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पैसे साठवून एक वापरलेला डायोड मागवला. लॅबच्या पॉवर सप्लायवर ४.५ व्होल्ट लावले, सप्लाय चालूच ठेवला आणि वायर टेकवली. सप्लायच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज एका झटक्यात डायोडमधून गेला. एकदा झगमग, आणि मग नुसता मंद निळा उजेड. मेलेला लेझर डायोड एलईडीसारखा मिणमिणत राहतो, हे ज्ञान मला दोन महिन्यांच्या कॅन्टीनच्या पैशांना पडलं. लेझर डायोडला व्होल्टेज नाही, मोजून करंट द्यायचा असतो. त्यासाठी वेगळं ड्रायव्हर सर्किट लागतंच.

आणि उष्णता. ३ अँपिअर गुणिले ४.५ व्होल्ट म्हणजे १३.५ वॅट आत. त्यातले ५ वॅट प्रकाश, उरलेले ८.५ वॅट त्या नखाएवढ्या वस्तूत उष्णता. हीट सिंकवर वाचवलेले पैसे पुढचा डायोड घेण्यात जातात.

आता डोळे. साध्या पॉइंटरची मर्यादा ५ मिलिवॅट, हा ५ वॅटचा, म्हणजे १००० पट. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, त्याआधीच पडदा भाजलेला असतो. किरण थेट डोळ्यात जायलाच पाहिजे असंही नाही, चकचकीत पत्र्यावरून उसळलेलाही पुरतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर लाइटमुळे डोळे गेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. इथे तर तो तुमच्या टेबलावर, हातभर अंतरावर आहे. चष्मा घेताना रंग बघू नका, त्यावर ४५० नॅनोमीटरसाठी ओडी किती लिहिलंय ते बघा. ओडी २ म्हणजे शंभरावा भाग आत येतो: ५ वॅटचे ५० मिलिवॅट, तरीही धोकादायक. ओडी ५ म्हणजे लाखावा भाग, ०.०५ मिलिवॅट. चष्म्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो गॉगल समजा.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, तुझं बजेट ठरलेलं असेल तर आधी चष्मा, मग ड्रायव्हर आणि हीट सिंक, आणि उरलेल्या पैशात बसेल तेवढ्या वॅटचा डायोड. कमी वॅटचा आला तर येऊ दे, नक्षी जरा सावकाश होईल. मशीनवर पीव्हीसी मात्र ठेवू नकोस, त्याच्या धुरात क्लोरीनची आम्लं असतात. आणि पारदर्शक ॲक्रिलिक कापायला गेलास तर निळा किरण आरपार जाऊन खालचं टेबल कोरेल. तेही मी करून पाहिलंय. टेबल घरमालकाचं होतं.