सहलीचा डबा किती तासांचा?

रविवारी सकाळी चहा घेता घेता घरातले कुणीतरी म्हणते, "चला, आज धरणावर जाऊ," आणि तासाभरात दोन मोटारसायकली अरुणावतीच्या रस्त्याला लागलेल्या असतात. पावसाळा असला तर काहींची मजल सहस्रकुंडापर्यंत जाते. काही मंडळी पोहरादेवीचे दर्शन घेऊन तिथेच झाडाखाली डबा सोडतात. आठवडाभर दुकानात नाहीतर शाळेत जखडलेल्या माणसाने असे अचानक उठून निघावे, हे डॉक्टर म्हणून मला चांगलेच वाटते. काळजी वाटते ती डब्याची. ठरवून निघणारा माणूस पहाटे उठून पुऱ्या तळतो. अचानक निघणारा मात्र घरात जे उरलेले असेल त्यालाच नवे रूप देतो.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी संध्याकाळी एकाच घरातील चार जण माझ्याकडे आले. चौघांनाही सारख्या उलट्या होत होत्या. शनिवारी रात्रीचा भात भगोन्यात ओट्यावरच राहिला होता. सकाळी त्यात पत्ताकोबी, ढोबळी मिरची आणि सोया सॉस घालून झकास 'फ्राईड राईस' झाला, गरमागरम डब्यात दाबून भरला गेला आणि दुपारी अडीच वाजता धरणाच्या काठी सर्वांनी खाल्ला. आजींनी तेवढा खाल्ला नाही. त्यांना तो 'चिनी भात' पसंत नव्हता, त्यांनी भाकरी-ठेचा खाल्ला आणि त्या ठणठणीत होत्या. घरच्यांचा संशय सॉसच्या बाटलीवर होता. "डॉक्टरसाहेब, भात आंबला नव्हता जी, वासही येत नव्हता," असे सूनबाईंनी दोनदा सांगितले. त्या खरेच सांगत होत्या.

मग झाले काय? बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू मातीत राहतो आणि तिथून तांदळाच्या दाण्यावर येतो. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, पण याची कवचातली बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात निवून कोमट झाला की ती रुजतात, जंतू वाढतात आणि भातात विष सोडतात. मग तो भात फोडणीला टाकला तर जंतू मरतील, पण विष मरत नाही. ते प्रेशर कुकरच्या उष्णतेलाही दाद देत नाही. त्याला वास नाही आणि चवही नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

"पुन्हा चांगले गरम केले की काही होत नाही" ही आपल्याकडची सर्वात पक्की समजूत आहे आणि इथे ती अर्धीच खरी ठरते. स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूचीही तीच कथा. तो आपल्या नाकात, बोटावरच्या जखमेत, गळवात असतो. हाताने कुस्करलेले बटाटे किंवा खव्याचे पदार्थ तासन् तास तसेच राहिले तर त्यात याचे विष तयार होते आणि तेही तापवून जात नाही. मटणाच्या मोठ्या गंजात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स मात्र वेगळा. त्याचे विष प्रामुख्याने आपल्या आतड्यात तयार होते, त्यामुळे रस्सा पुन्हा खळखळून उकळला तर पुष्कळसा बचाव होतो. कोणत्या पदार्थात कोण बसला आहे हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून घड्याळ पाहायचे.

५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यानच्या तापमानात हे जंतू वाढतात. सोयीची हवा मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात! म्हणूनच शिजवलेले ओले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. गाडीच्या डिकीतल्या डब्याचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

येथे जुनी मंडळी मला अडवतात. "आमचे वडील शिळी भाकरी बांधून वावरात जात, त्यांना काय झाले?" भाकरी कोरडी असते आणि जंतूला वाढायला ओल लागते. शिळी भाकरी आणि शिळा भात यांना एका मापाने मोजू नये.

खरे तर विदर्भातली सहल पूर्वीपासून शहाणी होती. रोडगे पार्टीचेच पाहा ना. कणकेचे गोळे तिथेच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वांग्याची भाजी तिथेच रटरटवायची, वरण उकळते वाढायचे. शिजणे आणि खाणे यांत अर्ध्या तासाचेही अंतर नाही. फक्त रोडगा फोडून पाहा, आत कच्चा नको, आणि स्वयंपाकाला व प्यायला धरणाचे पाणी न घेता घरून न्या.

नव्या पदार्थांना माझा विरोध नाही. मुलांना सँडविच हवे तर द्या, पण मेयोनीज घरी कच्च्या अंड्याचे करू नका. त्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो. याच भीतीने तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली होती. अचानक निघायचे असेल तर तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, न कापलेली फळे न्यावीत. काकडी तिथेच धुऊन चिरावी. भाताचा प्रयोग करायचाच असेल तर उरलेला भात रात्रीच परातीत पसरून निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी परतून घरीच, गरम असताना संपवावा.

एवढे करूनही उलट्या-जुलाब झाले तर सर्वप्रथम पाणी व मीठ भरून काढावे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन पटकीच्या रोग्यांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले होते. ओआरएसची पुडी मिळाली तर एक लिटर पाण्यात पूर्ण एकदम विरघळवावी. नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. जुलाब थांबवण्याची गोळी मुलांना मनाने देऊ नये.

शौचातून रक्त पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त पडणे, पोटात काहीच न टिकणे किंवा जोराचा ताप यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या, आणि जाताना डब्यात काय होते व ते किती वाजता शिजवले होते, हे सांगता येईल असा माणूस सोबत घ्या.