हरणाचा हिशेब

ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो

नोव्हेंबर उजाडला की इथल्या पेट्रोल पंपांवर पहाटे चार वाजता भगव्या रंगाची दाटी होते. भगव्या टोप्या, भगव्या बंड्या, गाडीच्या मागच्या हौद्यात तंबू आणि बर्फाचे डबे. पहिल्या वर्षी मला वाटलं, एखादी दिंडीच निघाली आहे. ही सगळी माणसं हरणाच्या शिकारीला निघालेली असतात. रायफल घेऊन रानात जाणाऱ्याच्या अंगावर कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच झगझगीत भगवं किंवा गुलाबी कापड असावं आणि डोक्यावरही तोच रंग असावा, असा इथला कायदा आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबूनच कळतं, तिकडे माणूस आहे.

मी अहमदपूर तालुक्यातला, माळकरी घरातला. आमच्या घरात मटण शिजत नाही. तरी या वर्षी एका शिकारीची तयारी मी जानेवारीपासून जवळून पाहिली. शेजारच्या निवृत्त मास्तरांचा पुतण्या ओहायोहून येणार होता. मास्तरांना संगणकाचा कंटाळा, म्हणून अर्ज भरण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या कामातून हा देश मला जेवढा कळला, तेवढा इतक्या वर्षांच्या नोकरीत कळला नव्हता. लातूर-नांदेडच्या वाचकांना तो कळावा, कारण आपल्या शिवारातही हरणं आहेत आणि त्यांचा प्रश्न दरवर्षी वाढतो आहे.

आधी हे हरीण कोणतं ते सांगतो. इथे त्याला म्यूल डिअर म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. कान खेचरासारखे लांबरुंद आणि सतत हलणारे, म्हणून हे नाव. 1804 साली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम पश्चिमेकडे निघाली, तेव्हा तिच्या नोंदवह्यांत ते पहिल्यांदा आलं. शेपटीचं टोक काळं. नराच्या शिंगांना दुबेळकं फुटतं आणि प्रत्येक फांदीला पुन्हा दुबेळकं. ही शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. आपल्या काळवीटाची पिळदार शिंगं जन्मभराची असतात. वजनात तर तुलनाच नाही. काळवीट तीस-चाळीस किलोंचा, हा नर सत्तर ते शंभर किलोंचा. बिचकला की चारही पाय एकदम उचलून उड्या घेत जातो, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून मागे वळून पाहतो. ही सवय त्याच्या जिवावर बेतते.

आता तयारी. बंदूक आहे, रान आहे, चला निघू, असं इथे चालत नाही. कोलोरॅडोत म्यूल डिअरचा प्रत्येक परवाना सोडतीतून मिळतो. सगळं राज्य क्रमांक दिलेल्या विभागांत वाटलेलं आहे. कोणत्या विभागात, कोणत्या हंगामात, किती नर आणि किती माद्या मारू द्यायच्या हे आधी ठरतं आणि तेवढेच परवाने निघतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्जाची मुदत संपते, मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये निकाल लागतो. ज्याचा नंबर लागत नाही, त्याला पुढच्या वर्षासाठी एक गुण मिळतो. काही नामांकित विभागांत नराचा परवाना मिळायला वीस वर्षांहून अधिक काळ गुण साठवावे लागतात. मुलगा शाळेत असताना अर्ज सुरू केलेल्या बापाला मुलाच्या लग्नानंतर परवाना मिळाला, अशी उदाहरणं आहेत. पुतण्याकडे चार वर्षांचे गुण होते, म्हणून आम्ही मधल्या मागणीचा विभाग निवडला.

1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला अर्जाआधी शिकारी-शिक्षणाचा दाखला लागतो. बंदूक कशी धरायची, कुठे रोखायची नाही, जखमी जनावराचा माग कसा काढायचा, हे सगळं त्या अभ्यासात येतं. परवान्याची फी रहिवाशाला थोडी. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिच्या जवळजवळ दहापट, म्हणजे चारशे डॉलरच्या वर.

यापुढे वाटाड्याचा प्रश्न येतो. पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्याला इथे आउटफिटर म्हणतात. त्याची राज्याकडे नोंदणी लागते, विमा लागतो. सरकारी वनजमिनीवर तो गिऱ्हाईक नेणार असेल तर त्या जमिनीचा वेगळा परवाना लागतो. मास्तरांनी मला प्रश्नांची यादीच सांगितली होती, ती मी एकेकाला फोन करून विचारली. नोंदणी क्रमांक काय? एका वाटाड्यामागे शिकारी किती, एक की दोन? जमीन खासगी की सरकारी? गेल्या तीन वर्षांतल्या गिऱ्हाइकांचे फोन देता का, आणि त्यात रिकाम्या हाती परतलेलेही देता का? मांस उतरवून खाली आणायचं काम कोणाचं? परवाना लागला नाही तर अनामत परत मिळते का? खर्च काही हजार डॉलरांचा असतो, म्हणून हे सगळं लेखी घ्यायचं. एकाने फोनवरच सांगितलं, "नर मिळवून देतोच." मास्तरांनी त्याचं नाव तिथेच खोडलं. रानातल्या जनावराची हमी देणारा माणूस एकतर खोटं बोलतो किंवा कुंपणातलं जनावर दाखवतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही निवडलेला वाटाड्या साठीचा होता. उन्हाळाभर तो त्याच डोंगरात फिरला होता. इथला ग्रँड मेसा म्हणजे दहा हजार फुटांवर पसरलेला सपाट माथ्याचा डोंगर, आपल्या बालाघाटच्या पठाराची आठवण करून देणारा. उन्हाळ्यात हरणं माथ्यावर असतात. बर्फ पडू लागला की कळप पिढ्यान् पिढ्यांच्या ठरलेल्या वाटांनी खाली सेजब्रशच्या करड्या झुडपांच्या माळावर उतरतात. नोव्हेंबरच्या मध्याला माजाचा काळ येतो. एरवी सावध असलेला नर माद्यांच्या मागे उघड्यावर येतो. हंगामाची तारीख निवडताना हा सगळा विचार असतो.

परवान्याशिवाय, बंदुकीशिवाय मी दोन दिवस बरोबर गेलो. शिकारीत चालणं कमी आणि बसणं जास्त, हे मला तिथे कळलं. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. त्याआधी अंधारात कड्यावर जाऊन बसायचं आणि दुर्बीण लावून समोरचा उतार वाफ्यासारखा ओळीओळीने वाचायचा. पहिल्या दिवशी वाटाड्याने सहा नर दाखवले आणि सहाही सोडून द्यायला लावले. दोन कोवळे होते, एक खासगी कुंपणापलीकडे होता, बाकीच्यांच्या मागे घरं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गोळी झाली. नर जागच्या जागी पडला. पुतण्याने टोपी काढली आणि बराच वेळ तो त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला. मला बघवलं नाही, हे खरं सांगतो. माळ घातलेल्या घराचे संस्कार एका दिवसात जात नाहीत आणि ते जावेत असं मला वाटतही नाही.

पण पुढचं मी पाहिलं. परवान्याला जोडलेला टॅग सही करून लगेच जनावराला बांधला गेला. खाण्यालायक मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे, म्हणून सगळं मांस पाठीवर घालून खाली आणलं. ते विकताही येत नाही. शिकारीचं मांस बाजारात आलं की जंगल रिकामं होतं, हे या देशाने एकोणिसाव्या शतकात भोगलं आहे. त्या काळी रेल्वेच्या डब्यांतून हरणांचं मांस शहरांत जात होतं आणि कळप संपत आले होते. 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढून शिकाऱ्यांनाच आवर घालायला सुरुवात केली. 1900 मध्ये चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर लेसी कायद्याने बंदी आली. 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. रायफली आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर त्याने राज्यांच्या वन्यजीव कामाला बांधून दिला. वन्यप्राणी जमीनमालकाचा नाही, सगळ्या जनतेचा, आणि राज्य त्याचं विश्वस्त, हे तत्त्व या सगळ्याच्या मुळाशी आहे.

परतताना वाटाड्या नराचं डोकं तपासणीला देऊन आला. हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक आजार इथे आहे. 1967 मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये तो पहिल्यांदा आढळला. त्याला औषध नाही. कोणत्या विभागात तो किती पसरला हे शिकाऱ्यांनी आणून दिलेल्या डोक्यांवरून कळतं.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती मात्र वेगळी गोष्ट. ग्रँड जंक्शनच्या शेजारी पॅलिसेड नावाचं गाव आहे, पीचच्या बागांसाठी नावाजलेलं. तिथल्या बागांभोवती आठ फुटी जाळीची कुंपणं दिसतात. मी एका बागायतदाराला विचारलं, "एवढी जाळी परवडते कशी?" तो म्हणाला, जाळीचं सामान राज्याच्या वन्यजीव खात्याकडून मिळतं. हरणाने किंवा एल्क नावाच्या मोठ्या हरणाने पीक खाल्लं, गवताची गंज उधळली, तर कोलोरॅडो राज्य कायद्याने भरपाईला बांधलेलं आहे. तो पैसा मुख्यतः शिकार परवान्यांच्या फीतून येतो. जो जमीनमालक शिकाऱ्यांकडून मोठी रक्कम घेऊन आपल्या रानात शिकार करू देतो, त्याला ही भरपाई मिळत नाही. ओहायोच्या पाहुण्याने भरलेल्या फीचा काही भाग असा एखाद्या बागेच्या जाळीत जातो.

या देशातही सगळं नीट नाही. या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत सहा लाखांच्या घरात असलेली म्यूल डिअर आता चार लाखांच्या आसपास आहेत. रस्ते, घरं, तेलविहिरी, दुष्काळ यांनी त्यांच्या उतरणीच्या वाटा तोडल्या. 2022-23 च्या हिवाळ्यात वायव्य भागात बर्फाने कळपच्या कळप मेले आणि पुढच्या हंगामात परवाने कापले गेले. कापता आले, कारण किती मेले हे माहीत होतं. हेलिकॉप्टरमधून कळप मोजतात, गळ्यात रेडिओपट्टे घालून हरणांचा मागोवा घेतात. आणि ही सगळी जमीन मुळात यूट या आदिवासी लोकांची. 1881 मध्ये त्यांना या खोऱ्यातून हाकललं गेलं आणि त्याच वर्षी ग्रँड जंक्शन वसलं. दक्षिणेत मात्र सरकारशी झालेल्या ब्रुनो करारामुळे यूट जमातींचा शिकारीचा हक्क आजही टिकून आहे. हे वाचताना मला आपले फासेपारधी आठवले. हरणाची खूर-वाट त्यांच्याइतकी कुणाला कळत नव्हती. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण त्यांचं ज्ञान उपयोगी पडेल असं काम त्यांना अजून कोणी दिलेलं नाही.

शिकार आपल्या भागालाही परकी नाही. नांदेडजवळचा शिकारघाट गुरुद्वारा गुरू गोविंदसिंगांच्या शिकारीची आठवण जपतो. निजामी राजवटीत शिकार हा वरच्यांचा शौक होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली, आणि योग्यच झालं. त्याच कायद्यामुळे काळवीट आज माळावर दिसतो. पुतण्याची ती दुपार पाहूनही, आपल्याकडे शिकारीचे परवाने सुरू करा, असं मी म्हणणार नाही. लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच उरलं आहे. हरणं, रोही आणि डुकरं राहतात ती सोयाबीन-तुरीच्या पिकात, मन्याड आणि मांजरेच्या काठावर. इतक्या दाट वस्तीत रायफलीला जागा नाही. बिहारने 2016 मध्ये नेमबाज बोलावून मोकाम्याला दोनशेवर रोही मारले. देशभर वाद झाला. पिकाचा प्रश्न काही त्यातून सुटला नाही.

मला हवी आहे ती इथली दुसरी बाजू. हरीण जर सगळ्यांचं, तर त्याचा घास एकट्या शेतकऱ्याच्या ताटातला का? कुंपणाला सामान मिळावं, नुकसान वेळेवर आणि पुरतं भरून निघावं, आणि या दोन्हींच्या आधी मोजणी व्हावी. आमच्या शिवारात गेल्या साली कोवळी तूर गेली. अर्ज झाला, पंचनामा झाला, आलेल्या पैशात बियाण्याची पिशवीही आली नाही. किती जनावरं होती, कुठून आली, कुठे राहतात, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याचा आकडा नाही त्याची तरतूद कोण करणार?

रानातून परतल्यावर मी गावाकडे आमच्या अण्णांना फोन केला. ते आखाड्यावर होते. हरभरा उगवून आला की त्यांची जागल सुरू होते. बाजेवर बसलेले, जवळ बॅटरी आणि गोफण. मी सांगितलं, इथे हेलिकॉप्टरने हरणं मोजतात. ते म्हणाले, "कशाला हेलिकाप्टर? आपल्या वड्याला सतरा हायेत. दोन काळे नर, बाकी माद्या अन् पिल्लं. दिवसा पलीकडच्या गायरानात बसतेत, रातच्याला खायला येतेत. मागल्या साली अकरा होते."

दोन वर्षांचा आकडा, नर-मादीची विभागणी, बसण्याची जागा, येण्याची वेळ. इथलं वन्यजीव खातं हेलिकॉप्टर उडवून जे मिळवतं, ते अण्णांना बाजेवर बसून ठाऊक आहे. अहमदपूरपासून कंधार-लोह्यापर्यंत रोज रात्री अशा हजारो बाजा शिवारात असतात. मी त्यांना विचारलं, "हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"कुणी इचारलं तर सांगील की," अण्णा म्हणाले.