थम्पर : ताल चुकला की भुंगा मेला

हॉस्टेलमध्ये व्हिडिओ गेम म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक तर क्रिकेट, नाहीतर धाड-धाड गोळीबार. पण एक गेम असा आहे की ज्यात बॅट नाही, बंदूक नाही, आहे तो फक्त ठेका. तरीही खेळणाऱ्याच्या तळहाताला घाम फुटतो. नाव ‘थम्पर’. आमच्या विंगमध्ये कुणाच्या पीसीवर तो सुरू असला की दारातून जाणारा हमखास विचारतो, “हे काय सुरू आहे बे?” त्याचं सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख!

थम्पर ऑक्टोबर 2016 मध्ये आला. बनवणारे फक्त दोघे. मार्क फ्लरीने प्रोग्रामिंग केलं, ब्रायन गिब्सनने चित्रं आणि संगीत. दोघंही आधी हार्मोनिक्समध्ये होते, म्हणजे ‘गिटार हिरो’ आणि ‘रॉक बँड’ बनवणाऱ्या कंपनीत. गिब्सन ‘लाइटनिंग बोल्ट’ या दोनच जणांच्या, कानठळ्या बसवणाऱ्या बँडमध्ये बेस वाजवतो. 2009 साली काम सुरू झालं आणि गेम बाहेर पडायला सात वर्षं लागली. आपल्या गेमला ते ‘ऱ्हिदम व्हायलन्स’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर तालाची मारामारी.

खेळायला लागतात फक्त एक बटण आणि एक स्टिक. चकचकीत धातूचा एक भुंगा रुळावरून सुसाट धावतो. रुळावर चमकणारी खूण आली की नेमक्या ठोक्यावर बटण दाबायचं. अडथळा आला की बटण दाबून धरायचं. वळण आलं की बटण धरून त्या बाजूला स्टिक ढकलायची. एकदा धडकलात तर भुंग्याचं कवच जातं, परत धडकलात तर खेळ खलास.

आता खरी गंमत. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मिनिटाला 120 ठोके धरले तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो आणि अर्ध्या मात्रेला पाव सेकंदच उरतो. म्हणजे नुसतं बघून दाबणारा उशिराच पोचणार. ठोका यायच्या आधी तो अंगात असावा लागतो. तबलजी काय करतो? तो समेची वाट बघत बसत नाही, मात्रा मोजत समेवर जाऊन पोचतो. थम्परही तेच मागतो. पुढच्या लेव्हल्समध्ये तर चार-चारचा सरळ हिशेब सुटतो आणि विषम मात्रांचे ठेके सुरू होतात. ज्याने रूपकच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा हातावर मोजल्या आहेत, त्याला हे नवीन वाटणार नाही.

म्हणूनच इथे उशीर हा सगळ्यात मोठा शत्रू. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज बऱ्याचदा 150 मिलिसेकंद मागे पडतो. हे किती झालं? आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 150 मिलिसेकंदात 51 मीटर. मारबतीच्या मिरवणुकीत ताशापासून पन्नास पावलं मागे उभं राहून त्याच्याबरोबर टाळी द्यायचा प्रयत्न करा, मग कळेल!

थम्पर साध्या स्क्रीनवर चालतो आणि व्हीआर हेडसेटवरही. व्हीआरमध्ये तर उशिराचं गणित आणखी कडक. मान वळली आणि चित्र मागाहून वळलं, तर मेंदू गोंधळतो आणि मळमळतं. म्हणून बऱ्याच हेडसेटमध्ये सेकंदाला 90 चित्रं लागतात, म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम 11 मिलिसेकंद. मग इतक्या वेगात भुंग्यामागे धावताना पोटात ढवळत कसं नाही? काहींना ढवळतंही. पण आपल्या आतल्या कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. एकसारख्या वेगाने सरळ पुढे जाताना कान आणि डोळे यांचं भांडण कमी होतं. आडवंतिडवं फिरवणाऱ्या गेममध्ये ते फार होतं. शिवाय हेडसेट लावला की आजूबाजूचं सगळं जग गायब. उरतो तो अंधार, रूळ आणि समोरून अंगावर येणारा ठोका.

मला स्वतःला यात आवडतं ते हे, की दोघांनी सात वर्षं घालवली पण बटण एकच ठेवलं. आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण आधी फीचर्सची यादी करतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्यातलं एकही धड चालत नाही!

खेळून बघायचा असेल तर दोन सूचना. स्क्रीनवर प्रकाश फार लखलखतो, त्यामुळे ज्यांना फिट्स येतात त्यांनी लांबच राहावं. आणि रात्री खेळणाऱ्यांनी हेडफोन लावावा, तोही वायरवाला. शेजारच्या रूममधल्याची सकाळी व्हायवा असू शकते.